चौथ्या क्रमांकावरचं तळं

३ एप्रिल

गुंड्या,

प्रिय वगैरे काही लिहिणार नाही, कारण आज तू मला प्रिय नाहीस. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी 'अरे पण' म्हणेपर्यंत तुझी तीन वाक्यं होऊन गेलेली असतात. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून कागद घेतलाय.

मागच्या रविवारी तुझ्या पेपरची पुरवणी दुकानात आली. 'शहरातली सात निसर्गरम्य ठिकाणं.' बाजूला तुझा तो जुना फोटो, ज्यात डोक्यावर केस आहेत. नवा चष्मा दिला की बारीक अक्षर नीट दिसतं का ते बघायला मी गिऱ्हाइकाच्या हातात पेपर ठेवते, हे तुला माहीत आहे. एका आजोबांना तीच पुरवणी दिली. ते खणखणीत आवाजात वाचायला लागले, "क्रमांक चार. बंद पडलेल्या दगडखाणीतलं निळंशार तळं. पंपिंग स्टेशनच्या मागे जा, पडक्या भिंतीपाशी डावीकडे वळा, झुडपांतली पायवाट धरा..." ते म्हणाले, स्वच्छ दिसतंय हो. माझ्या डोळ्यांपुढे मात्र अंधारी आली.

ती वाट तुला कुणी सांगितली? मी. डिसेंबरात तू आला होतास तेव्हा, जेवताना, भावाला सांगावी तशी सांगितली. बातमीदाराला नाही. आणि तू तिथे गेलास तरी कुठे? मी न्यायला निघाले तर पडक्या भिंतीपाशी चिखल बघून परत फिरलास, बूट खराब होतील म्हणून! वर लिहितोस, 'या पाण्यात पाय सोडून बसलं की मन निवतं.' कुणाचे पाय रे?

बाकीच्या सहांची तीच गत. नदीकाठच्या ज्या रस्त्याला तू 'रम्य' म्हणालास तिथे नाक दाबून चालावं लागतं. टेकडीवरच्या 'शांत' बागेत रविवारी भोंगा लावून कवायत चालते. रेल्वे यार्डामागच्या पाणथळीत 'परदेशी पाहुणे पक्षी' म्हणे. ते कधीच परत गेले. आता तिथे बदकं आहेत, ती आपल्यासारखीच इथली. ते लिही, माझं काही म्हणणं नाही, लोक जातील आणि तुलाच शिव्या घालतील. पण तळं खरंच चांगलं होतं, आणि तेवढं एकच तू खरं लिहिलंस.

काल पंपिंग स्टेशनपासून गाड्यांची रांग होती. ज्या फांदीवर खंड्या बसायचा तिच्यावर कुणाची तरी चड्डी वाळत होती. पाण्यात वेफर्सची पाकिटं तरंगत होती. मी आणि भिंगरी पाण्यात न उतरताच परत आलो.

तळं यादीतून काढ. कसं काढायचं ते तुझं तू बघ.

ताई


९ एप्रिल

ताई,

मलाही राग येतो, हे तू लहानपणापासून विसरत आली आहेस.

तळं काय आपल्या बाबांनी खोदलं होतं, की वाटणीत तुझ्याकडे आलं? खाण बंद पडली, पाणी साचलं. तुला ते सापडलं म्हणून तुझं झालं? तुझ्या घराला गच्ची आहे, समोर झाड आहे. शहरात अर्धी माणसं अशी राहतात की खिडकी उघडली की शेजाऱ्याची भिंत. एका बस-मेकॅनिकचं पत्र आलंय मला. लिहितो, इतकी वर्षं या शहरात काढली, पण मुलांना घेऊन जावं आणि कुणी 'चला, उठा' म्हणू नये अशी जागा पहिल्यांदा कळली. त्याला काय उत्तर देऊ? माझ्या ताईला गर्दी खपत नाही, तेव्हा तुम्ही आपले घरीच बसा?

चड्डीबद्दल आणि पाकिटांबद्दल मला वाईट वाटतं. पण लोक घाण करतात म्हणून लोकांना यायलाच बंदी, हा कुठला न्याय?

बुटांचं कबूल. नवे होते.

आता भिंगरीचं नाव काढलंस म्हणून विचारतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो स्फोट झाला त्याला दोन वर्षं होत आली. मी तिला पाहिलं ते हॉस्पिटलात, पट्ट्यांमध्ये. त्यानंतर तुझ्या प्रत्येक पत्रात दोनच शब्द, 'बरी आहे'. डिसेंबरात मी आलो तर सर्दी झालीय म्हणून ती खोलीबाहेरच आली नाही. दाराआडून "मामा, बरा आहेस ना?" म्हणाली. मला वाटलं, मी भेटायला येत नाही म्हणून रुसली. कॉलेज पुन्हा सुरू केलं का तिने? तिला म्हणावं, मामाला दोन ओळी टाक.

तू नाकारलंस तरी तुझाच भाऊ,
गुंड्या


१७ एप्रिल

गुंड्या,

हे लिहिणार नव्हते. पण तू मला 'गर्दी खपत नाही' म्हणालास आणि तळपायाची आग मस्तकात गेली. चार दिवस थांबून बघितलं, उतरली नाही.

'बरी आहे' याचा अर्थ जखमा भरल्या. तेवढाच. डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत आणि खाली मानेवर कातडी आवळून आलीय, वितळलेल्या मेणासारखी. डोळा वाचला. पण दोन वर्षांत पोरगी दिवसाउजेडी घराबाहेर पडलेली नाही. कॉलेज नाही. मैत्रिणी आधी यायच्या, रडायच्या, मग हिलाच त्यांची समजूत काढावी लागायची. एक दिवस म्हणाली, आई, त्यांना सांग मी झोपलेय. तुला सर्दी सांगितली तशी सगळ्यांना मी झोप सांगितली.

ऑक्टोबरात फिरता फिरता मला ते तळं दिसलं. चिटपाखरू नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला ओढत नेलं. पहिल्या दिवशी ती दगडावर पाठ करून बसली. मग घोटाभर पाण्यात उभी राहिली. आणि एक दिवस, माझं लक्ष नसताना, धप्पकन आवाज आला. वर आली ती हसत होती. डावी बाजू ओढली जाते म्हणून तिचं हसू आता तिरकं येतं, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. कसं असणार? हसलीच नव्हती ना.

मग रोज जायचो. थंडीत दात वाजायचे तरी. मी टॉवेल घेऊन काठावर, ती पाण्यात. परतताना गुणगुणायची. उन्हाळ्यानंतर परीक्षेचं बघू म्हणाली होती. म्हणाली होती, कळलं?

तुझ्या पुरवणीनंतरच्या रविवारी पायवाटेवर समोरून एक बाई आली. हाताशी तिची मुलगी, पाचेक वर्षांची. मुलगी भिंगरीकडे बघत राहिली. त्या बाईने झटकन पोरीचे डोळे झाकले, हाताने. वाईट नसेल ती बाई, गडबडली असेल. पण डोळे झाकले, गुंड्या. त्या दिवसापासून माझी पोरगी खोलीत आहे आणि ताट दाराशी ठेवावं लागतंय.

तुझा मेकॅनिक सुखाने पोहू दे. त्याला सहा जागा होत्या. हिला एकच होती.

ताई


५ मे

ताई,

तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा कागद फाडला. 'माफ कर' लिहिलं की पुढे काही सुचत नाही, म्हणून आता काय घडलं तेवढंच सांगतो.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी संपादकांकडे गेलो. म्हटलं, इंटरनेटवरच्या यादीतून तरी तळं काढा. ते म्हणाले, "वेडबिड लागलंय का? तळ्यासाठीच तर पुरवणी काढली."

मला काही कळेना. मग त्यांनी पोराला समजवावं तसं समजावलं. खाणीच्या कड्यावर नवं हॉटेल झालंय ना, त्या हॉटेलच्या पैशावर ती पुरवणी निघाली होती. मी बैठकीत सात नावं वाचली तेव्हा ते चौथ्यावर थांबले होते. "याच्यावर जास्त लिही," म्हणाले होते, "वाट अगदी नीट सांग, कुणी चुकायला नको." मी इतका फुशारलो! मला वाटलं, माझी भाषा आवडली. आता हॉटेल तळ्याच्या काठावर खुर्च्या मांडणार आहे. म्हणजे आधी लोकांकडून जागेचा बोलबाला करून घ्यायचा, मग त्यांनाच बाजूला सारायचं. त्या मेकॅनिकला मी मोठ्या तोऱ्यात उत्तर लिहिलं होतं, 'शहर तुमचंच आहे' म्हणून.

मी म्हटलं, हे छापा. त्यांनी आवाज चढवला, मीही चढवला. सगळं ऑफिस टाचा उंच करून बघत होतं. दुसऱ्या दिवशी मला पुरवणीतून काढून निधनवार्तांच्या पानावर बसवलं. तिथे एक बरं आहे, ज्यांच्याबद्दल लिहितो ते तक्रार करत नाहीत.

भिंगरीला लिहू का? काय लिहू? तू सांगशील तसं करेन.

गुंड्या


१४ मे

मामा,

तुझं पत्र मी फोडलं. पाकिटावर आईचं नाव होतं पण आत सगळं माझ्याबद्दल होतं, म्हणून मला हक्क आहे असं मी धरलं. मग आईच्या कपाटातली तुझी आधीची पत्रंही वाचली. तिने तुला काय लिहिलं असेल ते तुझ्या उत्तरांवरून कळलंच.

तुम्हा दोघांचा मला प्रचंड राग आलाय. आधी ते सांगते.

आईचा अशासाठी की ती माझ्यातर्फे भांडते आणि मला विचारत नाही. मी काय माळावरचं हरीण आहे, की माणूस दिसलं की पाणी प्यायला येणार नाही? झोपलेय, सर्दी झालीय, बरी आहे, हे सगळं तिनेच ठरवलं. मी 'हो' म्हणत गेले हा माझा दोष, पण ठरवलं तिने.

तुझा अशासाठी की तू बरोबर होतास. तळं सगळ्यांचं आहे हे खरंच आहे आणि ते तू मला न बघता, बूट सांभाळत, दुसऱ्याच्या पैशावर लिहिलंस, म्हणून ते खरं असूनही माझ्या घशाखाली उतरत नाही.

आणि तुझं शेवटचं पत्र वाचल्यावर तिसराच राग आला. मी घरात बसले ती लोकांना जागा मिळावी म्हणून, असं मी मनाला समजावत होते. आणि जागा मिळाली कुणाला? खुर्च्यांना!

आई दुकानात होती. शनिवारची सकाळ, ऊन चांगलं वर आलेलं. मी चप्पल घातली आणि निघाले. बसमध्ये बसले. बघत होते लोक. बघू दे म्हटलं, मला आज वेळ नाही.

तळ्यावर काय होतं ते सांगते. तुला माहीत नाही (बूट!), पण तळ्यात उतरायला एकच बाजू आहे. तिथे दगड पायऱ्यांसारखे आहेत आणि पाणी हळूहळू खोल होतं. बाकी तिन्ही बाजूंना सरळ कडा. तर त्या उताराच्या बाजूला झाडापासून खडकापर्यंत निळी दोरी बांधलेली. आत पांढऱ्या खुर्च्या, छत्र्या, आणि पाटी, 'फक्त हॉटेलच्या पाहुण्यांसाठी'. खुर्च्यांवर मिळून चार माणसं. आणि दोरीच्या अलीकडे, कड्यावर, शंभरेक माणसं उन्हात दाटीवाटीने उभी, मुलं कडेवर घेऊन, पाण्याकडे बघत. कुणाला उतरता येत नव्हतं. कुणी काही बोलतही नव्हतं, याचाच मला जास्त संताप आला.

दोरीपाशी एक गार्ड होता. मी विचारलं, "ही दोरी कुणी बांधली?"

"मॅडम, साहेबांनी."

"मला पोहायचंय."

तो माझ्याकडे बघेना. दोरीकडे बघत म्हणाला, "मॅडम, समजून घ्या. पाहुण्यांना समोर असं बघायला बरं वाटत नाही."

मामा, त्याला काय म्हणायचं होतं ते मला नंतर कळलं. दोरी बांधण्याआधी उतरलेल्या लोकांनी कड्यावर कपडे वाळत टाकले होते, ते पाहुण्यांना नको होते. पण त्या क्षणी मला वाटलं, हा माझ्या चेहऱ्याबद्दल बोलतोय. दोन वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघत घरात बसले होते ते शेवटी कुणीतरी बोललं! आणि गंमत म्हणजे मला रडू आलं नाही. मी ओरडले. माझा एवढा आवाज आहे हे मला ठाऊक नव्हतं.

"बरं वाटत नाही तर डोळे मिटून घ्या म्हणावं! तळं काय त्यांच्या खोलीच्या भाड्यात आलंय का?"

आणि दोरीखालून वाकून आत गेले, खुर्च्यांमधून चालत, अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात. मागे एक बाई आली. अंगाने चांगली भरलेली, पंपिंग स्टेशनसमोर लाँड्री चालवते. तिला वाकता येईना, म्हणून तिने दोरी सरळ वर उचलली आणि इतरांना म्हणाली, "या रे, मी धरते."

मग सगळेच आले. गार्ड बिचारा "सावकाश, दगड घसरडे आहेत" एवढंच म्हणत होता.

हॉटेलचा मॅनेजर धावत आला, चकचकीत बूट घालून (मला तुझीच आठवण झाली). "हे काय चाललंय? इथे फक्त पाहुणे!"

लाँड्रीवाली बाई म्हणाली, "मग आम्ही कोण आहोत? आम्हाला तर पेपरात बोलावलंय."

त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "सुरुवात हिने केली. फोटो काढा हिचा, पोलिसांना द्यायला." गार्डने फोन काढला आणि माझ्याकडे बघून त्याचा हात खाली गेला. शंभर माणसं बघत होती मामा, आणि ऊन थेट माझ्या तोंडावर होतं.

मी म्हटलं, "काढा ना. या बाजूने काढा, पोलिसांना ओळखायला सोपं जाईल."

कुणीच काढला नाही.

मी खूप वेळ पोहले. लाँड्रीवाली बाई गुडघाभर पाण्यात उभी होती. म्हणाली, जन्मात कधी यापुढे गेले नाही, मला तरंगायला शिकवशील का? तिच्या पाठीखाली हात धरला, ती सारखी "सोडू नकोस गं, सोडू नकोस" ओरडत होती. आभाळाकडे तोंड करून दोन क्षण तरंगली तेव्हा लहान पोरीसारखी हसली. मग माझ्याकडे नीट बघून विचारलं, "भाजलं होतं का?" मी म्हटलं, हो. "दुखतं?" नाही. "बरं, आता परत धर मला."

सगळं छान झालं असं लिहून तुला फसवणार नाही. परतीच्या बसमध्ये एक माणूस माझ्या शेजारची जागा सोडून उभा राहिला. मी खिडकीकडे तोंड करून रडले. पण उतरले ती माझ्या स्टॉपवरच.

आता तू काय करायचं ते सांगते. माफीचं पत्र लिहू नकोस, मला ते वाचवणार नाही. उद्यान खात्याला विचार की तो काठ कुणाचा. तू विचारलंस तर ते उत्तर देतील, आम्ही विचारलं तर उद्या या म्हणतील.

भिंगरी


२ जून

गुंड्या,

राजीनामा द्यायचं म्हणतोस, तो देऊ नकोस. रागाने निर्णय घ्यायचे ते मी आणि भिंगरीने. आपल्या घरात एकाने तरी पगार आणावा.

उद्यान खात्यातून एक साहेब आले होते. तुझी विचारणा त्यांच्या टेबलावर होती आणि लाँड्रीवाल्या बाईने पाठवलेली चाळीस माणसं दारात, त्यामुळे त्यांना यावंच लागलं. टेप लावून मोजलं. काठ शहराचा निघाला. हॉटेलने खुर्च्या वर नेल्या. दोरी गार्डनेच सोडली आणि एका बाईला कपडे वाळत घालायला दिली म्हणे.

म्हणून तू सुटलास असं समजू नकोस. पाकिटं अजून तरंगतात. रविवारी तिथे कुणीतरी गाणी लावतं, आणि ती धड गाणीही नसतात. खंड्या परत आलेला नाही. यातलं काहीही मी तुला माफ केलेलं नाही.

भिंगरी मला काय काय बोलली ते तुला तिने लिहिलं असेलच. मी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. मग लक्षात आलं की ती आपली तिच्या कामात आहे, अबोला मला एकटीलाच चाललाय. तिचं म्हणणं खरं आहे. लोक बघतील याची तिला भीती होती, आणि ते बघताना मला बघावं लागेल याची मला. मी दोन्ही एकच समजत होते.

आता माझं गाऱ्हाणं ऐक. ती मला तळ्यावर येऊ देत नाही! म्हणते, "आई, तू काठावर श्वास रोखून बसतेस, मला पाण्याखाली ऐकू येतं." एकटी जाते, आठ वाजता, भर रहदारीतून. तिथे लाँड्रीवाल्या बाईसकट तिघीचौघींना शिकवते. मग ओल्या केसांनी तडक दुकानात येते, घराची किल्ली घ्यायला, कारण स्वतःची रोज विसरते. नुकती पुसलेली फरशी, हिच्या अंगाचं पाणी निथळतंय आणि गिऱ्हाईक बसलेलं. मी ओरडते. ती ऐकत नाही.

काल एक गृहस्थ नवा चष्मा घालून बघत होते. ती आत आली आणि ते तिच्याकडे बघतच राहिले, तोंड उघडं टाकून. मी त्यांच्या नाकावरचा चष्मा सरळ काढून घेतला. म्हटलं, थांबा, काचा पुसते. आणि पुसत राहिले. काचांवर धुळीचा कण नव्हता, तरी ती किल्ली शोधतेय तोवर पुसतच राहिले.

तिने ते पाहिलं. किल्ली घेतली, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "आई, दे त्यांना चष्मा. बघू दे."

दिला.

ताई